बॉनेटवरचा मग

लष्करात होतो तोवर सुजाता माझ्या पोस्टिंगवर यायची. निवृत्तीनंतर मी तिच्या पोस्टिंगवर नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला आलो. ती इथे इंजिनिअर आहे. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. युनिटने परीक्षांना रजा दिली म्हणून झालो. ते ऋण मी विसरत नाही.

शेजारचा पीट डच फौजेतला निवृत्त कॉर्पोरल. त्याच्याकडे जुनी, कार्ब्युरेटरची जीप आहे. दर चार मेला संध्याकाळी इथले लोक युद्धात मारल्या गेलेल्यांसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतात. स्मारकापर्यंत पुष्पचक्र पीटची जीप नेते, लोकांच्या चालीने. यंदा जीप स्लोवर, म्हणजे अगदी कमी वेगात, थरथरून बंद पडत होती. आयोजकांनी इलेक्ट्रिक व्हॅन ठरवली.

“आज दुपारपर्यंत सुधारली तर जीप. नाहीतर व्हॅन,” पीट म्हणाला. “व्हॅनला कोणी सलाम करतं का, सार्जंट?” हवालदाराला तो सार्जंटच म्हणतो.

“व्हॅन येणार नाही,” मी म्हणालो.

प्लग, पॉइंट, टायमिंग त्याने तपासलं होतं. वेगात इंजिन ठीक, स्लोवर अडखळायचं. माझ्या हाताने आधी सवयीचं काम केलं. मिक्श्चरचा स्क्रू आत फिरवून पेट्रोल कमी केलं. लडाखच्या विरळ हवेत आम्ही तसंच करायचो. इंजिन बंद पडलं.

“डोंगर शोधतोयस?” पीट म्हणाला. “आमच्या सपाट देशात उंच म्हणून एक पूल आहे. चालेल?”

स्क्रू जागेवर आणला. इंजिन चालू करून चोक थोडा ओढला, हवा कमी केली. लगेच सुधारलं. म्हणजे कुठूनतरी जादा हवा आत जात असावी. कार्ब्युरेटरच्या बुडाशी पाणी फवारलं. आवाज क्षणभर बदलला. तिथल्या सांध्यातलं गॅस्केट फाटलं होतं.

इंजिन बंद करून नवं गॅस्केट कापलं, बसवलं. इंजिन गरम होऊ दिलं. स्क्रू हळूहळू बाहेर घेत सर्वांत सुरळीत आवाजावर थांबलो. मग स्पीड उतरवला. पीटच्या मगात काठोकाठ कॉफी ओतून तो बॉनेटवर ठेवला.

“हे काय?”

“इन्स्पेक्शन. सांडली तर काम अपुरं.”

ही पद्धत नायक दत्तू शेलारची. आमच्या कॉन्व्हॉयच्या पहिल्या गाडीचा ड्रायव्हर. बॉनेटवर चहा सांडला की गाडी परत माझ्याकडे. “उस्ताद, निम्मा चहा गाडीच पिते. मी काय पिऊ?”

एका सकाळी घाटात दरड सुटली. रेडिओवर शेलारचा आवाज आला.

“ऊपर से पत्थर आ रहा है. पीछेवाली गाडियां रोको. ओव्हर.”

आम्ही थांबलो. मी सेट घेतला. “शेलार, गाडी छोड दो. बाहर निकलो. ओव्हर.”

उत्तर आलं नाही. उडी मारायला मिळालेला वेळ त्याने रेडिओला दिला होता.

पीटला मी एवढंच सांगितलं. त्याने वाकून मग तपासला. कॉफी काठाशी थरथरत होती, सांडली नाही. त्याने आयोजकांना फोन लावला.

“व्हॅन नको. पुष्पचक्र जीपमधूनच जाईल.”

संध्याकाळी जीप एकदाही अडखळली नाही. स्मारकाशी पीटने इंजिन बंद केलं. सगळे स्तब्ध झाले. स्मारकावर इथल्या मृतांची नावं कोरलेली आहेत. त्यांत शेलार नाही. मी सावधान उभा राहिलो आणि मनातल्या मनात रिपोर्ट दिला.

नायक दत्तू शेलार, मागच्या सगळ्या गाड्या पोचल्या. ओव्हर.