रेडिओवरचा गवय्या पडद्यावर

लग्नानंतरचा पहिलाच उन्हाळा. जवळा बाजारात टूरिंग टॉकीजचा तंबू लागला आणि भोंग्यावरून पुकारा सुरू झाला, "रेडिओवरचा तुमचा लाडका गवय्या खुद्द पडद्यावर! गाणार बी आणि हसवणार बी!"

माहेरी वसमतला शेजाऱ्यांकडे रेडिओ होता. त्या गवय्याचं गाणं लागलं की मी हातातलं काम सोडून भिंतीला कान लावायची. सगळी गाणी पाठ. चेहरा मात्र कधी पाहिला नव्हता. सासरी गुणगुणायची सोय नव्हती, सासूबाई फार कडक. तरी धीर करून विचारलंच.

"एवढी उतावीळ काहून झालीस?" त्या म्हणाल्या. पण संध्याकाळी त्यांनीच बैलगाडी जुंपायला लावली.

तंबूत मधे कनात. अलीकडं आम्ही बायका, पलीकडं गडीमाणसं, त्यांतच माझे मालक. मी मनात उंच, देखणा गडी धरला होता. पडद्यावर आला तो ठेंगणा, पोट सुटलेला! नवरीच्या बापाला चुकवायला कणगीत शिरला आणि आतून धडाधड शिंकला. बायका लोटपोट. सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला, तरी त्यांचे खांदे हलतच होते.

मग तो गायला लागला, माझं सगळ्यांत आवडतं गाणं. पहिलीच ओळ झाली आणि मशीनचा आवाज गेला. चित्र चालू, ओठ हलताहेत, आवाज नाही. गडीमाणसांनी शिट्ट्या सुरू केल्या. मला राहवलं नाही. पुढची ओळ तोंडातून कधी निघाली, कळलंच नाही.

सासूबाईंनी वळून पाहिलं. मी गप्पकन थांबले.

"थांबलीस काहून? त्याचं तोंड हलून राहिलं. म्हण की!"

मी म्हटलं. त्याच्या ओठांवर नजर ठेवून, मोकळ्या गळ्यानं, पुरं कडवं. शिट्ट्या थांबल्या. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला, मग कनातीपलीकडूनही टाळ्या आल्या. मशीनचा आवाज परत आला तेव्हा पलीकडून कोणी ओरडलं, "बंद करा ते! बाईलाच म्हणू द्या!"

परतताना गाडीत मालकांनी विचारलं, "कोण होती वं ती म्हणणारी?"

सासूबाई ताठ बसून म्हणाल्या, "सून हाये माझी. तुला ठावं न्हाई व्हय?"

मग घर येईपर्यंत त्यांनी माझ्याकडून ते गाणं दोनदा म्हणवून घेतलं.