चेंडू पडला त्याची गोष्ट

घरात त्याला सगळे चेंडू म्हणायचे. चाळिशी उलटली, केस विरळ झाले, पोट पुढे आलं, तरी चेंडूच. घरात नवी सून आली की पहिल्याच आठवड्यात तिला या नावामागची गोष्ट ऐकवली जायची, आणि ती ऐकवायचा मान थोरल्या भावाचा, दादाचा. दुसऱ्या कुणी सुरुवात केलीच तर दादा हात वर करून म्हणायचा, "थांबा थांबा, तुम्ही वाट लावाल."

गोष्ट अशी. वडील सोड्याच्या बाटल्या दुकानोदुकानी पोचवायचे. त्यांच्याकडे उघड्या हौद्याची पिकअप होती. सुटीच्या दिवशी क्रेट उतरले की हौद्यात पोरं चढायची, घरची आणि शेजारची मिळून, आणि गाडी तलावाकडे निघायची. दादा आणि ताई केबिनच्या टपाला धरून उभे. सगळ्यांत धाकटा नुकता शाळेत जायला लागलेला. त्याचा हट्ट एकच, हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या फळीवर, फाळक्यावर बसायचं. एकदा वळणावर खड्डा आला, गाडी उडाली आणि पोरगं फाळक्यावरून बाहेर.

"पहिला टप्पा!" दादा टेबलावर थाप मारायचा. "दुसरा टप्पा! आणि तिसऱ्या टप्प्याला पठ्ठ्या उभा!"

गाडीत कुणाला पत्ता नाही. बऱ्याच वेळाने ताई म्हणाली, आपल्यातलं एक कमी दिसतंय. वडिलांनी गाडी वळवली, तर समोरून धाकटे चिरंजीव एक चप्पल हातात घेऊन चालत येताहेत. आणि जवळ आल्यावर तोंडातून पहिलं वाक्य काय? "मला न घेता कुठे चालला होता?"

इथे हशा ठरलेला. चेंडूही हसायचा. इतकी वर्षं हसला होता, की कुठे हसायचं ते त्याला झोपेतही जमलं असतं.

त्याला स्वतःला मात्र ना टप्पे आठवायचे, ना ते वाक्य. त्याला आठवायचं ते गोष्टीत नव्हतंच. घरी आल्यावरच्या उलट्या. उजेड सोसवेना म्हणून आईने खिडकीला लावलेली चादर. कानातून उशीवर उतरणारं पातळ पाणी. आई सगळ्यांना सांगायची, पोराचा कान फुटलाय. डावा कान गेला तो गेलाच. त्यानंतर वडिलांनी त्याला कधी हौद्यात चढू दिलं नाही. केबिनमध्ये आपल्या शेजारी बसवायचे. भावंडं लाडोबा म्हणून चिडवायची. पुढे दादाची गोष्ट रंगायला लागली की वडील उठून बाहेर जायचे. सगळ्यांना वाटायचं, सिगारेट ओढायला गेले.

मोठा झाल्यावर चेंडू शाळेची व्हॅन चालवायला लागला. मुलांच्या गलक्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचा, "मला निम्माच ऐकू येतो, माझं बरंय." पण त्या कामाने माणूस आतून झिजतो. रोज सकाळी तेच. पट्टा लाव. पट्टा लाव म्हटलं ना. डोकं आत घे. दप्तर पायाशी ठेव. मुलं एक वेळ ऐकत, मोठ्यांचं कठीण. "एवढं काय हो, दोन गल्ल्यांवर तर शाळा आहे." "आजच्या दिवस पाहुण्यांच्या पोराला दाटीवाटीने बसवा की." नाही म्हणायचं, हसून नाही म्हणायचं, हात जोडून नाही म्हणायचं. मग समोरचा तोंड वाकडं करून घरात वळणार. संध्याकाळी घरी येऊन तो खुर्चीत बसे तेव्हा बायको काही विचारत नसे. दिवसभराची नाही म्हणायची ताकद संपलेली असायची, हे तिला कळत होतं.

काही वर्षांपूर्वी त्याला चक्कर यायला लागली. बायकोने ओढून कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. लहानपणी फुटलेल्या कानाचं ऐकून त्यांनी डोक्याचा फोटो काढून घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"लहानपणी डोक्यावर पडला होतात का?"

चेंडूने गोष्ट सांगितली. त्याला ती एकाच पद्धतीने येत होती, दादाच्या. पहिला टप्पा, दुसरा टप्पा, तिसऱ्या टप्प्याला उभा. शेवटचं वाक्यही त्याने नीट थांबून टाकलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. शेजारी बायको बसली होती, तीही हसली नाही.

"कवटीला चीर गेली होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कान फुटला बिटला काही नाही. वाचलात, एवढंच म्हणायचं."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "घरी सांगणार?"

"बाबा आहेत अजून," तो म्हणाला. "आता या वयात त्यांना काय सांगायचं?"

वडील गेले त्यानंतरही त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर गोष्ट मोडावी लागली असती, आणि घरात एकत्र हसायला तेवढीच एक गोष्ट उरली होती.

दादाने वडिलांची पिकअप अडगळीतून बाहेर काढली. मेकॅनिककडे देऊन इंजिन करून घेतलं, पत्रा ठोकून घेतला, पूर्वीचाच हिरवा रंग लावला. आणि एका रविवारी सगळ्यांना बोलावलं. तलावावर जायचं, पूर्वीसारखं. आई केबिनमध्ये, मुलं हौद्यात.

चेंडू आपल्या व्हॅनमधून बायको-मुलीला घेऊन पोचला. दारात पिकअप उभी होती. ती बघून त्याच्याही छातीत काहीतरी हललं, खोटं कशाला सांगा. ताई फाळक्यावरून हात फिरवत रडत होती आणि हसत होती. "ही कडी बघ, हिने माझं बोट चेमटलं होतं." दादा गाडीभोवती लग्नघरातल्या यजमानासारखा फिरत होता. त्याची नातवंडं, ताईची मुलं, सगळी हौद्यात चढलीसुद्धा. चेंडूच्या मुलीने बापाचा हात सोडला आणि तीही धावली. कुणीतरी तिला वर ओढून घेतलं. ती थेट मागच्या फाळक्यावर जाऊन बसली.

चेंडू म्हणाला, "दादा, मुलांना माझ्या व्हॅनमध्ये घेतो. दोन खेपा करीन."

"आली शाळा!" दादा म्हणाला. सगळे हसले. "अरे, आज सुटी घे की. एक दिवस वारा खाऊ दे पोरांना. काचा लावलेल्या डब्यांतून फिरून फिरून पिळपिळीत झालीत."

"आता रस्ता तेव्हाचा राहिलेला नाही. ट्रक धावतात त्यावर."

"हळू चालवतो ना! बाबांच्या मागे बसून आपण मोठे झालोच की नाही? कुणाला काय झालं?"

हे बोलताना दादा वळून चेंडूच्या डाव्या बाजूला आला होता. पुढचं काहीतरी तो हलक्या आवाजात बोलला. चेंडूला ते ऐकू आलं नाही. फक्त लोक हसले ते दिसलं. ताईचा नवरा पोट धरून हसत होता. चेंडूला एकदम फार थकल्यासारखं झालं. रागही यायला ताकद लागते, तीही नव्हती.

"काय म्हणालास, दादा? या बाजूने ऐकू येत नाही मला."

"म्हटलं, तू तर सगळ्यात भारी उदाहरण. तीन टप्पे खाऊन चालत आलास!"

"हो," चेंडू म्हणाला. "कवटीला चीर पडली होती माझ्या. कान त्यानेच गेला. डॉक्टरांनी फोटोत दाखवलं."

ताईच्या नवऱ्याने पोटावरचा हात काढला. हौद्यातली मुलं मात्र अजून गाणी म्हणत होती.

"काहीतरीच," दादा म्हणाला. "कान फुटला होता तुझा. आई, सांग ग याला."

आई केबिनमध्ये बसली होती, मांडीवर डबे घेऊन. तिने चेंडूकडे बघितलं नाही, दादाकडेही नाही. डबे शेजारच्या सीटवर ठेवले, दरवाजा ढकलला आणि पाय चाचपत खाली उतरू लागली. ताई धरायला धावली. आई गाडीला धरून धरून मागे गेली आणि हौद्यात बघून म्हणाली, "उतरा रे पोरांनो. सगळे उतरा."

"आजी, का?"

"मी सांगते म्हणून."

मुलं उतरली. दादाच्या धाकट्या नातवाने भोकाड पसरलं. चेंडूची मुलगी सगळ्यांत शेवटी उतरली आणि बापाकडे न बघता आपल्या आईकडे गेली. दादा गाडीच्या चाव्या हातात खुळखुळवत उभा होता. "मला कुणी कधी सांगितलंच नाही," असं तो दोनदा म्हणाला. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

सहल झाली. चेंडूने मुलांच्या दोन खेपा केल्या, प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून बघितला. मागून पिकअप आली. हौद्यात सतरंज्या आणि पाण्याचे कॅन, केबिनमध्ये आई. तलावावर गाडी उभी केल्यावर मुलांनी उभ्या हौद्यात चादरींचं घर केलं आणि त्यांचा रुसवा गेला. मोठ्यांचा गेला नाही. खाताना जो तो ताटात बघत होता. दादाची गोष्ट सांगायची वेळ आली आणि निघून गेली. त्या रिकाम्या जागी काय बोलायचं ते कुणाला सुचेना, तेव्हा ताईच्या नवऱ्याने हवेचा विषय काढला.

निघताना वहिनी, दादाची बायको, चेंडूजवळ येऊन म्हणाली, "खरं असेल तुमचं भावजी. पण आजच सांगायला हवं होतं का? महिनाभर त्या गाडीत जीव घातला होता त्यांनी."

"हो ना," चेंडू म्हणाला. दुसरं काय म्हणणार? तिचंही खोटं नव्हतं.

दादाचा नंतर बरेच दिवस फोन आला नाही. आला तो आईच्या औषधांबद्दल. पिकअपमधून तो आता आपल्या दुकानाचं प्लायवूड आणतो म्हणे. बाकीचे अजून चेंडूच म्हणतात. सवयीची जीभ ती. आई मात्र त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारू लागली. तिच्या तोंडून ते इतकं परकं वाटायचं, की पहिल्या हाकेला तो वळायचाच नाही.

त्या रविवारी संध्याकाळी मात्र तो घरी येऊन व्हॅनच्या सीटची कव्हरं काढत बसला होता. मुलांनी त्यावर चिखल केला होता. मुलगी दिवसभर बोलली नव्हती. ती येऊन व्हॅनच्या पायरीवर बसली.

"बाबा, तू पडलास तेव्हा खूप दुखलं?"

"आठवत नाही ग."

"मग काय आठवतं?"

त्याने जरा विचार केला. खोटं बोलायचं मनात होतं. सोपं गेलं असतं. पण दिवसभराच्या थकव्यात तेही जमेना.

"वारा," तो म्हणाला. "फाळक्यावर बसलं की रस्ता आपल्या पायाखालून निघून मागे पळायचा. दादा ओरडायचा, ताई गायची, आणि वाऱ्याने तोंड उघडायलासुद्धा व्हायचं नाही. तसं पुन्हा कधी काही वाटलं नाही मला."

"म्हणजे मजा यायची."

"खूप."

मुलीने त्याच्याकडे रोखून बघितलं. "तुला मिळालं आणि मला नाही."

"हो."

ती उठून घरात गेली. चेंडूने सगळी कव्हरं बादलीत भिजत घातली, बाही वर सरकवली आणि चोळायला बसला. सकाळी व्हॅन न्यायची होती, आणि कव्हरं वाळायला रात्रभर पंखा लावावा लागणार होता.