कुंदाचं असंच असते

कुंदाला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आणतोय, असा तिच्या नवऱ्याचा, भाऊजींचा फोन आला म्हणून मी चादर नि थर्मास पिशवीत भरत होते. थोड्या वेळाने दुसरा फोन आला. गाडी अर्ध्या वाटेवरूनच बोरी अरबला परत वळली होती... कुंदा, माझी मावसबहीण, गेली त्याला दीड महिना होत आला, आणि माझा राग अजून जागचा हललेला नाही. राग कोणावर, तेही धड सांगता येत नाही.

कुंदाचे ओठ लहानपणापासून निळसर काळे. लग्न होऊन बोरीला गेली, तर सासूबाईंना वाटलं सून चोरून तंबाखू-सुपारीचा खर्रा खाते. त्या उशीखाली, शिवायला आलेल्या कापडांत पुड्या शोधायच्या. कुंदा शिलाई मशीनवरून न उठता म्हणायची, "सापडला तं मलेही द्या थोडा." पुढे पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजन चौऱ्याऐंशी दिसला, आणि तिला टेबलावरून खाली उतरवलं. फुप्फुसं पाहिली, हृदय पाहिलं, सगळं ठणठणीत. शेवटी नागपूरला रक्ताची बारकाईने तपासणी झाली तेव्हा कोडं सुटलं. तिचं हिमोग्लोबिनच जन्मापासून निराळ्या घडणीचं होतं. प्राणवायू घट्ट धरून न ठेवता शरीराला चटकन देऊन टाकायचं. म्हणून आकडा कमी आणि बाई धडधाकट. तिच्या लेकीचं, पल्लवीचं रक्तही तसंच निघालं.

भाऊजींनी आनंदाने गल्लीत पेढे वाटले. तेव्हापासून घरात एक वाक्य रुजलं. कोणी बोटाला चिमटा लावायला घेतला की आकडा दिसायच्या आधीच कुंदा ते सांगून मोकळी व्हायची. या हिवाळ्यात तिला ताप आला, खोकला आला. तालुक्याच्या दवाखान्यात आकडा बहात्तर आला. धापा टाकत तिनेच सांगितलं, "माह्यं असंच असते, साहेब." भाऊजींनी मान डोलावली, डॉक्टरांनीही. चौऱ्याऐंशी तिचं होतं, बहात्तर तिचं नव्हतं... एवढा फरक कोणाच्याच ध्यानात आला नाही. इतकी वर्षं जे यंत्र आम्ही हसण्यावारी नेलं, ते त्या दिवशी जीव तोडून सांगत होतं. गोळ्या घेऊन दोघं घरी आले. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला होता, हे फार उशिरा कळलं.

पल्लवी इथे कॉलेजात आहे, माझ्याकडेच राहते. भाऊजींचा आता यंत्रावर विश्वास नाही, आणि माणसाच्या सांगण्यावर तर मुळीच नाही. रोज दुपारी ते तिला फोन करतात. बरी आहेस का, असं विचारत नाहीत. म्हणतात, "सतराचा पाढा म्हण, एका दमात." आणि पलीकडे गुपचूप तिचा श्वास ऐकत राहतात. हा पाढा कुंदानेच तिच्याकडून घोकून घेतलेला, काजं-बटणं करता करता. परवा ती "सतरा चोक" म्हणाली आणि थांबली. दम लागला नव्हता, तिला आई आठवून रडू आलं होतं. मी फोन हातात घेऊन सांगेपर्यंत तिकडून तो बंद झाला होता, नंतर लागेचना. मग तासाभरात बोरीहून मोटरसायकल येऊन दारात थांबली. भाऊजी घामाने निथळत होते, पायात चप्पल नव्हती. त्यांनी पल्लवीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून म्हणाले, "पुढचं म्हण, बाई."