दंडाचं माप

माझे भावोजी शिंपी. अंगाने इतके किडकिडीत की गल्लीतले लोक म्हणायचे, मास्तर स्वतःसाठी सदरा शिवायला बसले की मास्तर संपतात आणि कापड उरतं. भावोजींना त्याचं काही वाटायचं नाही. शिंप्याची ताकद बोटांत आणि डोळ्यांत, दंड काय जाळायचेत, असं ते म्हणत. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत त्यांचं म्हणणं खरंही होतं.

मग माझ्या ताईचे पाय गेले. मणक्यात गाठ निघाली, ती काढली आणि कमरेखालचं अंग कायमचं लुळं पडलं. हात शाबूत, डोकं शाबूत, जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार. दुकानातल्या कपड्यांची हातशिलाई ती खुर्चीत बसून पूर्वीसारखीच करायची. पण त्या खुर्चीत तिला बसवायचं कोणी? सकाळी खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, संध्याकाळी परत खाटेवर, हे सगळं भावोजींच्या अंगावर. ताईचं वजन अठ्ठावन्न किलो आणि त्यांचं बावन्न.

एखादी बाई ठेवा, असं मी शंभरदा सांगितलं. एक ठेवलीही, आठ दिवसांत ताईने तिला पळवून लावलं. म्हणाली, "परक्या माणसाने माझे कपडे काढायचे? त्यापेक्षा मी मेलेली बरी." माणसं उचलायचं एक यंत्र मिळतं, तेही आणून पाहिलं. दुकानामागची ती खोली एवढीशी, यंत्र दारातच अडकलं. माझी स्वतःची कंबर पोस्टाच्या खिडकीमागे तीस वर्षं बसून कामातून गेलेली. मला ताईच्या हट्टाचा संताप यायचा, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं म्हणून आणखी यायचा.

एकदा न्हाणीत भावोजींचे हात सुटले. ताई पडली, तिच्या दोन बरगड्यांना चीर गेली. परगावाहून लेक धावत आली आणि गावाबाहेरच्या शुश्रूषागृहाचे कागद घेऊनच आली. ताईने ती जागा पाहिलेली होती. मोठ्या दालनात ओळीने बारा खाटा, आणि भेटायला फक्त दुपारची वेळ. ती भिंतीकडे तोंड करून पडली. तिला गप्प पडलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

भावोजी म्हणाले, "मला थोडा वेळ दे. मी ताकद कमावतो."

लेक म्हणाली, "बाबा, या वयात?"

"या वयात."

शेवटी ठरलं ते असं: आईला उचलता येतंय तोवर ती घरी. पुन्हा पडली, किंवा बाबांना उचलणं जमेना झालं, की त्याच आठवड्यात शुश्रूषागृह. भावोजींनी लेकीच्या हातावर हात ठेवून कबूल केलं.

समोरच्या व्यायामशाळेचा मालक त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्याला सगळे पहिलवान म्हणत. त्याच्या सदऱ्यांच्या बाह्या दर वर्षी उसवून सैल करायच्या असत. भावोजींनी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "सोपं आहे मास्तर. भात बंद, पाव बंद, बटाटा बंद, साखर बंद. नुसतं प्रोटीन हाणायचं." पहिलवान मनाने चांगला माणूस, पण अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. भावोजींनी त्याचा शब्द देवाचा मानला. सकाळी चार उकडलेली अंडी, दुपारी चिकन, संध्याकाळी पुन्हा अंडी. पावाच्या तुकड्याला शिवायचं नाही. आणि वर पाण्याने भरलेले डबे उचलायचे.

तीन आठवड्यांत माणूस काळवंडला. मशीनवर बसले की हात थरथरायचे, सुईत दोरा जाईना. एका सकाळी ताईला उचलल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दोघंही भिंतीला घासत हळूहळू जमिनीवर बसली. लागलं नाही कोणाला. अर्धा तास तशीच बसून होती, हे ताईने मला सांगितलं आणि लेकीला सांगू नकोस म्हणून शपथ घातली. मी भावोजींना हाताला धरून सरकारी दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंकडे नेलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "मास्तर, शरीराला दोन गोष्टी लागतात. भात, पाव, बटाटा हे सरपण. अंडी, डाळ, दूध, चिकन हे कापड, त्यातून स्नायू शिवला जातो. तुम्ही सरपण बंद केलंत. मग चूल पेटती ठेवायला शरीर काय करतं? शिवायला आणलेलं कापडच चुलीत घालतं. एवढी अंडी खाऊन तुम्ही दंड जाळताय."

भावोजी खजील झाले. इतकं साधं शिंप्याला कळू नये म्हणाले.

बाईंनी कागद लिहून दिला. व्यायामाआधी अर्धा तास एक केळं किंवा पावाचा तुकडा. व्यायामानंतर दूध आणि अंडं, सोबत थोडा पाव. दोन्ही जेवणांत मुठीएवढा भात किंवा बटाटा, तळहाताएवढं चिकन किंवा मासा, नसेल तर वाटीभर घट्ट डाळ, आणि भाजी हवी तेवढी. प्रोटीन एकदम न खाता दिवसभरात वाटून. व्यायाम एक दिवसाआड, कारण स्नायू वाढतो तो विश्रांतीत. "आणि घाई नको," बाई म्हणाल्या, "तुमच्या वयात हे महिन्यांचं काम आहे." भावोजींनी तो कागद बेतायच्या टेबलावर काचेखाली ठेवला आणि ताईलाही वाचून दाखवला. ताई म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्हाला कोणी पोटभर जेवायला सांगितलं हो."

त्यानंतरचे चार महिने बरे गेले. आता ते आठवले की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं, पण तेव्हा बरे वाटत होते. भावोजींच्या चेहऱ्यावर तेज आलं. हाताची थरथर गेली. दर रविवारी मी जायचे तेव्हा ते मला मुद्दाम दाखवायचे, ताईला असं उचलून खुर्चीत ठेवायचे. पहिल्या महिन्यात उचलताना कण्हायचे. तिसऱ्यात नुसता श्वास जोरात. चौथ्यात तर उचलता उचलता बोलायचे. मी म्हटलं, "भावोजी, कमाल केलीत हो!" त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ताई त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून हसली.

दर सोमवारी ते स्वतःच्या दंडाला टेप लावत. पहिल्या दिवशी सव्वानऊ इंच भरला होता. चार महिन्यांनी साडेनऊ. पाव इंच फक्त. मी म्हटलं, एवढंच? तर म्हणाले, "ही टेप जुनी आहे, ताणून लांबली आहे. लांबलेली टेप माप कमी दाखवते. हात काय सांगतायत ते बघ ना, ही मला पिसासारखी लागते." ज्या माणसाने जन्मभर टेपेवर विश्वास ठेवला त्याने याच एका मापाला खोटं ठरवलं. मलाही पटलं. पटवून घ्यायचंच होतं आम्हाला.

ताईच्या खिडकीत तेव्हा कबुतरं फार यायची. अशी गलेलठ्ठ कबुतरं मी कुठे पाहिली नाहीत, आणि त्यावर मी विनोदही केले.

पाचव्या महिन्यात एका रविवारी भावोजी तिचा गाऊन धूत होते. मी दारात भाजी निवडत होते. त्यांनी तो पिळायला उलटा केला आणि तसेच थांबले. मग बाहेर उजेडात आले. ताईचे सगळे गाऊन त्यांनी स्वतः शिवलेले. शिंपी शिवणीच्या आत कापडाची जास्तीची पट्टी सोडतात, अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. तिला माया म्हणतात. भावोजी अर्धा इंच माया ठेवत. त्या गाऊनला दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच माया होती.

"हे टाके माझे नाहीत," ते म्हणाले.

मशीनचे नव्हतेच. हाताचे बारीक, एकसारखे टाके, आणि असे टाके त्या घरात एकच माणूस घालायचं. त्यांनी कपाटातले बाकीचे गाऊन काढले. सगळे आत घेतलेले. एकात तर टाक्यांच्या तीन ओळी होत्या, एकीच्या आत दुसरी. जसजशी ती बारीक होत गेली तसतशी ती गाऊन आत घेत गेली होती, भावोजी पुढे दुकानात मशीनवर असताना. नजरेने कंबर ओळखणाऱ्या माणसाला गाऊन अंगात ढगळ दिसू नये म्हणून. न्हाणीतही थंडी वाजते म्हणत ती अलीकडे अंगावरचा पंचा सोडत नसे.

आम्ही आत गेलो. भावोजींच्या हातात तो ओला गाऊन होता. ताईने पाहिलं आणि तिला कळलं.

"मी दुपारचं ताट ठेवून दुकानात जायचो, ते कुठे जायचं?" त्यांनी विचारलं.

ती खिडकीकडे बघत म्हणाली, "तुम्ही इतकी मेहनत करत होता. म्हटलं आपणही थोडा हात लावावा."

"अगं, पण मी ताकद कमावत होतो!"

"कमावत होताच की. पण वर्ष लागलं असतं. तेवढा वेळ कुठे होता? एकदा हात सुटला असता की संपलं. मला तिथे नाही जायचं हो."

भावोजी खाली बसले. गाऊनमधलं पाणी त्यांच्या मांडीवर गळत होतं. मी ताईवर ओरडले, वाटेल ते बोलले. मूर्ख म्हटलं, खुनशी म्हटलं, यांना फसवलंस म्हटलं. खरं तर मी स्वतःवर ओरडत होते. दर रविवारी मी तिच्यासमोर बसून चहा प्यायले होते, आणि मला दिसत होते ते भावोजींचे दंड.

दवाखान्यात खुर्चीसकट तोलून खुर्चीचं वजन वजा केलं. बेचाळीस किलो. डॉक्टर म्हणाले, अशीच राहिली तर पाठीला जखमा होतील आणि त्या भरणार नाहीत, साधा तापही हिला पेलवणार नाही. निदान बारा किलो परत यायलाच हवेत. त्याच आहाराच्या बाईंनी कागद लिहिला, या वेळी ताईसाठी. भात, बटाटा, तूप, अंडी, दूध, दिवसातून पाच वेळा. लिहिता लिहिता त्यांनी भावोजींकडे पाहिलं आणि विचारलं, "किती उचलता येतं तुम्हाला?"

"खरं माहीत नाही," भावोजी म्हणाले.

घरी आल्यावर ताईने तोंड मिटून घेतलं. दोन दिवस काही खाईना. तिसऱ्या दिवशी भावोजी दुकान बंद ठेवून तिच्यासमोर ताट घेऊन बसले आणि म्हणाले, "तू नाही खाल्लंस तर मीही नाही." मग ती रडत रडत खायला लागली. यानंतर ते रोज दुपारी दुकान बंद करत आणि शेवटच्या घासापर्यंत समोर बसत. खिडकी लावून घेत.

मग काय झालं ते सांगायला माझा जीव धजत नाही. भावोजींनी तिला भरवलं आणि ती भरत गेली. चव्वेचाळीस, सेहेचाळीस. गाऊनांची एकेक ओळ ते स्वतः उसवत गेले. स्वतःचाही व्यायाम दुप्पट केला, पण बाईंनी सांगितलं होतं तसंच ते होतं, महिन्यांचं काम. अंग आपल्या चालीने वाढत होतं आणि ताई तिच्या चालीने. अठ्ठेचाळीसला ते पुन्हा कण्हायला लागले. पूर्वी ताई खाटेला हात रेटून निम्मा भार स्वतः पेलायची, उपासात तिच्या हातांतला तो जोरही गेला होता. पन्नासला उचलण्याआधी खाटेच्या कडेवर बसून दम घ्यायला लागले. मी म्हटलं, थोडं कमी वाढा ना तिला, कोण बघतंय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

बावन्न किलोला, एका सकाळी, त्यांनी तिला खाटेवरून वीतभर उचललं आणि पुढे नेता येईना. पाडलं मात्र नाही. हळू परत खाटेवर टेकवलं. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा केला. मग ताईच म्हणाली, "पुरे. ठेवा मला."

भावोजींनी लेकीला स्वतः फोन केला. आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाला कपडे तयार आहेत म्हणून कळवावं तसा. "आईला उचलणं जमत नाही," म्हणाले. कबूल केल्याप्रमाणे त्याच आठवड्यात तिला नेलं. बारा खाटांतली सातवी मिळाली.

भेटायच्या वेळी मी पहिल्यांदा गेले तेव्हा भावोजी डबा घेऊन आलेले होते. तिथल्या दोन धडधाकट बायांनी ताईला बगलेत धरून खुर्चीत बसवलं, भाजीची पाटी हलवावी इतक्या सहज. तिने डोळे मिटून घेतले होते. भावोजींनी भात कालवला, घास तिच्या तोंडाशी नेला. तिने मान फिरवली.

"खा," भावोजी म्हणाले, "आता मला तुला उचलायचं नाहीये."

तिने त्यांच्याकडे खूप वेळ पाहिलं, आणि मग तोंड उघडलं.