आईच्या पायातला उजेड

आमची आई, अंबिका, दादरच्या एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. तीही उभ्याने, कारण तिथला ओटाच तसा आहे. बांधणाऱ्याला स्वतःचे पाय नसावेत. माझ्या जन्माआधीपासून ती तिथे आहे. तिच्या पायांच्या शिरा फुगत गेल्या, निळ्या गाठी झाल्या, आणि गेल्या वर्षी घोट्याच्या वर झालेली जखम काही केल्या भरेना. "होईल गं बरं," म्हणायची, पट्टी बांधायची आणि कामाला जायची. मी भांडून भांडून थकले.

शेवटी परळच्या एका डॉक्टरांनी लेझर करायचं ठरवलं. शिरेत दोऱ्याएवढी काचेची तार घालतात आणि तिच्यातून लेझरचा उजेड सोडतात. आधीच्या तारांचा उजेड टोकातून सरळ पुढे जायचा आणि शीर एखाद्याच जागी करपायची. आताच्या तारेतून तो चहूबाजूंनी फाकतो, त्यामुळे शीर आतून सगळीकडे सारखी भाजून मिटते.

"म्हणजे बर्नरची सगळी भोकं पेटायला हवीत," आई म्हणाली.

डॉक्टर हसले. "अगदी तसंच. पण घरी गेल्यावर चालत राहायचं हं. पडून राहिलात तर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते."

करी रोडच्या आमच्या चाळीत मात्र कुठलंही ऑपरेशन म्हणजे बाळंतपणच. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर आईचा पाय तीन उशांवर, अंगावर गोधडी, आणि शेजारच्या गंगुबाई तिला चमच्याने पेज भरवतायत.

"सकाळपासून पाय खाली टेकूक दिलंय नाय," त्या कौतुकाने म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. "काकी, तिने चालायचंय! डॉक्टरांनी बजावलंय!"

"डाक्टर बापयो. पुरुषाक काय कळता?"

पेजेचं भांडं घेऊन त्या फणकाऱ्याने निघून गेल्या. मी आईकडे वळले. "आणि तू? तुला तर माहीत होतं ना?"

"होतं," आई म्हणाली. तिचा आवाज इतका दमलेला मी कधी ऐकला नव्हता. "पण चाळीतल्या सगळ्या जणी 'तू बस' म्हणत होत्या गं. मला असं कधी कोणी म्हणालं नाही. आजचा दिवस राहू दे ना, श्रेया."

मला रडू आलं. रागही आला, कोणाचा ते कळेना. मी एकेक उशी काढली, "चल" म्हटलं आणि तिला उठवलं.