नाकारलेल्यांची यादी

दिलीपदादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी उंटरश्लाइसहाइमच्या वेर्टश्टॉफहोफमध्ये, म्हणजे भंगार वेगवेगळं करून टाकायच्या आवारात, पुठ्ठ्याची खोकी फाडत उभी होते. त्यांच्या पत्नीचा, वैशालीवहिनींचा, दोन ओळींचा मेसेज होता. सकाळचा चहा झाला आणि खुर्चीतच गेले... मी हातातलं खोकं पूर्ण फाडलं, डब्यात टाकलं आणि गाडीत जाऊन रडले. त्याला आता सहा आठवडे झाले.

ऑफिसात ते सगळ्यांसारखे मलाही नुसते दिलीप होते, घरी दिलीपदादा. पण आमची पहिली भेट झाली ती त्यांनी मला नाकारलं तेव्हा. नवऱ्याबरोबर सांगलीहून इथे जर्मनीत येऊन मला दोन वर्षं झाली होती. सॉफ्टवेअर टेस्टिंगचा अनुभव पदरात होता, पण ही दोन वर्षं कोरी. मुलाखत घेणारा माणूस मराठी निघाला म्हटल्यावर मी निम्मी नोकरी मिळाल्याच्या थाटात घरी आले. चार दिवसांनी नकाराचं सभ्य जर्मन पत्र आलं. आपल्याच माणसाने पाय ओढला, असं मी वर्षभर जो भेटेल त्याला ऐकवत होते. मंडळाच्या गणपतीत वाढायला होते, तर त्यांच्या पानात मुद्दाम फुटलेला मोदक वाढला. त्यांनी तो आवडीने खाल्ला, याचा मला आणखीच राग आला.

पुढे मला एका छोट्या कंपनीत काम मिळालं. नकाराला तीन वर्षं झाली, तेव्हा एप्रिलातल्या एका शनिवारी त्यांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. मी जाणार नव्हते, नवऱ्याने ओढून नेलं. टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलचं काहीतरी चालू होतं, पण खेळ नव्हता. मंचावरून नुसती नावं वाचली जात होती. दादा उत्साहाने सांगू लागले. तिकडचे व्यावसायिक संघ दर वर्षी कॉलेजांतून नवे खेळाडू निवडतात, आळीपाळीने, सात फेऱ्यांत. गुरुवारच्या पहिल्या फेरीत सूटबूट, मिठ्या, आयांचे अश्रू. दादा ती बघायचेच नाहीत. त्यांचा दिवस शनिवारचा, शेवटच्या फेऱ्यांचा, जिथली नावं निवेदकालाही धड उच्चारता येत नाहीत. कारण सामना सुरू होताना मैदानात उभे राहणारे पक्के खेळाडू, त्यांच्यातले कितीतरी या उरल्यासुरल्यांतून निघतात, आणि गाजावाजा करून घेतलेले काही बाकावरच बसून राहतात. संघांचे पारखी धावण्याचा वेग मोजतात, उडी मोजतात, वजन करतात. पण हरत आलेल्या सामन्यात हा गडी काय करील, ते कुठल्या पट्टीने मोजणार? निवड बरोबर होती की नाही हे तीन वर्षांनीच कळतं, असं दादांचं म्हणणं. आणि शहाणा संघ आपण कोणाला घेतलं याच्याइतकंच कोणाला सोडलं, तेही परत तपासतो.

एवढं सांगून त्यांनी कपाटातून एक कागद काढला. त्यावर त्यांनी मुलाखतीत नाकारलेल्यांची नुसती पहिली नावं होती आणि पुढे कारण. ऑफिसातल्या दाटेनशुट्झवाल्यांना, म्हणजे खासगी माहितीच्या राखणदारांना, याचा सुगावा लागता तर दादांचीच नोकरी गेली असती. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, दोन वर्षांचा खंड.

“आल्झो, तर केतकी, तुमच्या बाबतीत मी चुकलो,” ते म्हणाले. “वर्षभर तुमच्या कंपनीचे टेस्ट रिपोर्ट माझ्याच टेबलावर येतायत, खाली तुमचं नाव असतं. इतकं बारीक काम माझ्याकडे कोणी करत नाही. मला फक्त एक सांगा, त्या दिवशी मी काय विचारायला हवं होतं?”

तीन वर्षं घोकलेली उत्तरं होती माझ्याकडे, चांगली झोंबणारी. ती सगळी राहिली बाजूला. त्या दोन वर्षांत मी काय केलं ते विचारायला हवं होतं, एवढंच मी म्हणाले. मग सांगितलं, की आमच्या इमारतीची हायझुंग, म्हणजे घरं गरम ठेवायची यंत्रणा, सारखी बंद पडायची आणि इमारत सांभाळणारी हाउसफेरवाल्टुंग दाद देईना, तेव्हा मी अख्खा हिवाळा मजल्यामजल्यावर जाऊन कुठला रेडिएटर कधी गार होतो ते टिपलं, आणि नेमका कुठला व्हॉल्व्ह बिघडलाय ते त्यांना दाखवून दिलं. दादा ते सगळं लिहून घेत होते. वरण गार झालं तरी कोणी पानावर बसलं नाही.

वर्षभराने मी त्यांच्याकडे नोकरीला लागले, ती पाच वर्षं हाताखाली होते. ते साधुसंत मुळीच नव्हते. कौतुक मागायला जावं तर “बघू, तीन वर्षांनी,” म्हणायचे. माझ्या लेकाने शाळेचं प्रगतिपुस्तक दाखवलं, त्यालाही तेच. तो “गेनाऊ, अगदी बरोबर, काका,” म्हणून खेळायला पळाला. मी मात्र दोन दिवस धुमसत होते.

मागच्या वर्षी माणूस निवडायची पाळी माझ्यावर आली. दादा सोबत बसले होते. मार्टिन नावाचा बावन्न वर्षांचा गृहस्थ आला. दादांना तो हवा होता. मला वाटलं, नवी साधनं या वयात याला कधी जमायची? मी नाही म्हटलं. दादांनी वाद घातला नाही. “निर्णय तुझा. पण यादीत लिही,” एवढंच म्हणाले.

गेल्या आठवड्यात मी मार्टिनला फोन केला. तीन वर्षं थांबायचा धीर राहिला नव्हता. तो दुसरीकडे टेस्टिंगचा प्रमुख झालाय आणि जी साधनं त्याला जमणार नाहीत असं मी ठरवलं होतं, तीच तो इतरांना शिकवतोय. मी काय विचारायला हवं होतं? तो म्हणाला, माझ्या हाताखाली शिकलेले लोक आज कुठे आहेत, ते विचारायचं होतंत. मी लिहून घेतलं, आणि हे सांगायला दादांच्या केबिनकडे वळले... दादांनी माझ्या समोर बसून आपली चूक कबूल केली होती. माझी ऐकायला ते राहिले नाहीत, याचं दुःख होतं आणि अजून आहे.

काल शनिवार होता, शेवटच्या फेऱ्यांचा. मी वहिनींकडे गेले. त्यांनी सवयीने टीव्ही लावला होता, नावं वाचली जात होती. मी म्हटलं, वहिनी, मार्टिनच्या बाबतीत दादा बरोबर होते. ते त्यांच्या कागदांत कुठे लिहायचं?

वहिनी हसल्या, मग त्यांचे डोळे भरले. “अगं, स्वतःच्या चुकांचेच कागद आहेत सगळे. बरोबर ओळखलेल्यांची यादी ह्यांनी केलीच नाही कधी.”

मी त्यांच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला. वर दादांचं नाव घातलं, खाली मार्टिनचं. मग वहिनी एकेक नाव आठवून सांगू लागल्या आणि मी लिहीत गेले.