बहात्तर मार्कांचे पेढे

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला रडू दिलं नाही. मुंबईची गाडी लागली, आईनं डोळ्यांना पदर लावला आणि दादांनी माझ्या हातात कंदी पेढ्यांचा पुडा कोंबला. "पास झालीस की कळव. इथं मी वाटतो." मी लग्न होऊन अमेरिकेला नवऱ्याकडे निघाले होते, परीक्षेला नव्हे. "कसली परीक्षा, दादा?" असं विचारलं तर म्हणाले, "असतेच कसली ना कसली."

आमच्या घरी पेढ्यांना टक्क्यांची अट नव्हती. धाकट्या भावाला गणितात काठावर छत्तीस पडले, तेव्हाही दादा गल्लीभर पेढे वाटून आले होते. पास तो पास, हा त्यांचा कायदा. मला बीएस्सीला एकसष्ट टक्के पडले, फर्स्ट क्लास, तेव्हा तर त्यांना गल्ली पुरली नाही, पुढच्या आळीतही जाऊन आले. हे सगळं आधी सांगतेय, कारण न्यू जर्सीत मी जो घोटाळा केला तो फक्त आपलाच माणूस करू शकतो. तुम्ही तिकडे राहिलेले आणि माझ्यासारखे इकडे आलेले, दोघंही हसाल. हसा खुशाल.

न्यू जर्सीतल्या एडिसनला आले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मुलगी झाली तेव्हा माहेरचं, सासरचं कोणी जवळ नव्हतं. सुधीर, माझा नवरा, इंजिनियर माणूस, रक्त बघून स्वतःच खुर्चीत बसला. एका नर्सनं मला उठवलं, धुतलं-पुसलं, बेडपॅन दिलं, नेलं आणि जाताना केसांवरून हात फिरवला. हेच काम शिकायचं, असं मी तिथंच ठरवलं.

इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या काकूंना घेरी यायची तेवढी बाकी राहिली. "अगं, ग्रॅज्युएट ना तू? कॉम्प्युटरचा कोर्स कर, बँकेत जॉब घे. लोकांची बेडपॅन उचलणार?" मी म्हटलं, "माझं उचललंच की कोणीतरी." त्यानंतर बराच काळ हळदीकुंकवाची बोलावणी आली नाहीत. नाही तर नाही. मला हाडांची नावं पाठ करायची होती.

कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगची पहिली मोठी टेस्ट झाली. मला बहात्तर पडले. बहात्तर! परक्या भाषेत, परक्या देशात, कडेवर मूल घेऊन! घरी येऊन मिल्क पावडर, लोणी आणि कंडेन्स्ड मिल्क कढईत घोटून पेढे वळले आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन वर्गात गेले. मुली तुटून पडल्या. माझ्या शेजारी डार्लीन बसायची, दोन मुलांची आई, सकाळी डायनरमध्ये वेट्रेसचं काम करून यायची. दुसरा पेढा तोंडात टाकत तिनं विचारलं, "सो व्हॉट आर वी सेलिब्रेटिंग?" मी मान ताठ करून आकडा सांगितला. तिचं चावणं थांबलं. "हनी," ती हळूच म्हणाली, "पासिंग इज सेव्हंटी-फाइव्ह."

म्हणजे मी नापास झाल्याचे पेढे वाटत होते.

डबा बंद करावा आणि थेट घर गाठावं असं वाटलं. पण अर्धा डबा भरलेला होता, आणि आमच्याकडे वाटायला काढलेले पेढे परत नेत नाहीत. उरलेल्या रांगांमधून फिरले. शेवटचा पेढा आमच्या इन्स्ट्रक्टर मिसेस कोवाल्स्की यांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी ऑफिसात बोलावलं. सेमिस्टरची सरासरी पंच्याहत्तरच्या खाली गेली तर प्रोग्रॅममधून बाहेर, हे समजावून सांगितलं. तुला इंग्लिश जड जातंय, आत्ताच ड्रॉप केलंस तर रेकॉर्डवर काही राहणार नाही, असंही म्हणाल्या. सल्ला शहाणपणाचा होता. मंडळातल्या काकूही याचीच वाट बघत होत्या. मी म्हटलं, "नो." नुसतं "नो."

मग त्यांनी माझा पेपर पुढे ओढला. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, चारही बरोबर वाटणारे, आणि विचारलेलं एकच: नर्स सगळ्यात आधी काय करील? मी जिथं जिथं चुकले होते, तिथं तिथं माझं उत्तर होतं, डॉक्टरांना बोलावील. आपल्याकडे मोठ्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. मला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

"द डॉक्टर इज नॉट इन द रूम," मिसेस कोवाल्स्की म्हणाल्या. "यू आर. युअर पेशंट कान्ट ब्रीद. व्हॉट डू यू डू?"

"आय विल मेक हिम सिट अप."

"देन व्हाय डिडन्ट यू से सो?"

घोकंपट्टीत मी कोणाला ऐकणारी नव्हते. पण कोणाला न विचारता आधी आपला हात पुढे करायचा, हे मला जन्मात कोणी शिकवलं नव्हतं. ते मी डार्लीनच्या किचनमध्ये शिकले. ती प्रश्न वाचायची आणि मी "डॉक्टर" म्हटलं की टेबलावर चमचा आपटायची. सुधीर मुलीला मांडीवर घेऊन बसायचा आणि त्याच्या मोकळ्या दंडावर मी बीपी घ्यायचे. रडलेही, बाथरूममध्ये नळ सोडून, भरपूर रडले. पण ड्रॉप केलं नाही.

सेमिस्टरची सरासरी आली शहात्तर. साताऱ्याला शेजाऱ्यांकडे फोन लावला, त्यांनी दादांना बोलावून आणलं.

"किती पडले?"

"शहात्तर. पण दादा, इथं पंच्याहत्तरला पास असतं."

लाइनवरच्या खरखरीतून दादांचा आवाज आला, "मग एक जास्तच पडला की गं!"

त्या दिवशी गल्लीत घरोघर पेढे गेले.

पुढची सेमिस्टर्सही अशीच काठाकाठानं काढली आणि नर्स झाले. निवृत्त होईपर्यंत तेच काम केलं. "अगं, ह्यांचं बीपी जरा बघतेस का?" म्हणून त्याच काकूंचे फोन यायला लागले. बघितलं. एकीला शेवटच्या आजारपणात बेडपॅनही दिलं. तिनं बराच वेळ माझा हात सोडला नाही. माझी मुलगी, इथं जन्मलेली, हुशार, मला चिडवते, "आई, सेव्हंटी-सिक्स इज ओन्ली अ सी ग्रेड." हो, सीच. मिळवून दाखव म्हणावं माझ्यासारखा.

आता दादा नाहीत, आई नाही, साताऱ्याचं घर भावानं विकलं. तुझं घर नक्की कुठलं, असं लोक विचारतात, तेव्हा पूर्वी मी विषय बदलायचे. परवा फ्लोरिडाहून डार्लीनचा फोन आला. तिच्या हृदयाची तपासणी होती. "आय पास्ड," ती म्हणाली, "जस्ट बेअर्ली." मी फोन ठेवला, कढई गॅसवर चढवली आणि मिल्क पावडरचा डबा काढला.

साताऱ्याच्या गल्लीत आमच्या नावानं पेढे वाटणारं आता कोणी उरलेलं नाही. म्हणून काय झालं? मी आहे ना.